न्हावा-शेवा सोडून पश्चिमेला निघताना: चाचेगिरीपासून जहाज आणि माणसं वाचवण्याची तयारी, क्रमाने

न्हावा-शेवा ते एडन हे अंतर साधारण १,६५० सागरी मैल. १३ नॉटने निघालेल्या जहाजाला पाच दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो. पुष्कळ जहाजांवर रेझर वायरचं पहिलं वेटोळं चौथ्या दिवशी उघडतं, कारण तोवर आपण आपल्याच समुद्रात आहोत असा सगळ्यांचा समज असतो. सोमाली चाचे मात्र पळवलेलं मच्छीमार गलबत मदरशिप, म्हणजे लहान होड्यांचा तरंगता तळ, म्हणून वापरतात आणि किनाऱ्यापासून शेकडो मैल पूर्वेला येऊन थांबतात.

सामान बहुतेक वेळा जहाजावर असतंच. चुकतो तो क्रम. पुढचे टप्पे सोमालिया, एडनचं आखात आणि पश्चिम अरबी समुद्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. सेकंड ऑफिसर, जहाजाचे सुरक्षा अधिकारी, बोसन आणि बेलापूर-नेरुळच्या ऑफिसांतून जहाजांचं काम बघणारे सगळेच यांचे वाचक.

## टप्पा १: धोका कुठला, ते आधी ठरवा

सगळ्या समुद्रांना एकच यादी लावणं ही पहिली चूक.

सोमालियाच्या बाजूला अख्खं जहाज पळवतात आणि खंडणी मागतात. त्यामुळे तिथे चढू न देणं आणि चढलेच तर इंजिन हाती न लागू देणं, या दोन गोष्टींना सगळ्यात जास्त महत्त्व. गिनीच्या आखातात बहुतेकदा माणसं पळवून किनाऱ्यावर नेतात, जहाज तिथेच सोडतात. तिथे प्रत्येक माणूस वेळेत आत असणं इंजिनापेक्षा महत्त्वाचं. परदेशी खासगी सशस्त्र रक्षक नायजेरियाच्या हद्दीत चालत नाहीत. सिंगापूरच्या सामुद्रधुनीत रात्री मागच्या बाजूने चढून इंजिनाचे सुटे भाग चोरणारे लोक असतात. अलार्म वाजला, दिवे लागले की बहुतेकदा पळतात. तिथे सिटाडेलपेक्षा (हल्ल्यात सगळ्यांनी आत कोंडून घेण्याची भक्कम खोली) पूप डेकवरचा, म्हणजे जहाजाच्या मागच्या डेकवरचा, जागा माणूस जास्त उपयोगी.

तांबड्या समुद्रातली क्षेपणास्त्रं आणि ड्रोन हा वेगळा विषय. त्याचं मूल्यांकन वेगळं करा. चाचेगिरीचे उपाय तिथे जसेच्या तसे लावले तर नुकसान होऊ शकतं.

हिंदी महासागरातला ‘हाय रिस्क एरिया’, म्हणजे जहाज-उद्योगाने आखलेला जास्त धोक्याचा पट्टा, १ जानेवारी २०२३ पासून रद्द झाला. तेव्हापासून काही कंपन्यांनी वायरचे पैसे वाचवले. डिसेंबर २०२३ मध्ये ‘रुएन’ हे मालवाहू जहाज पळवलं गेलं. नकाशावरची रेघ पुसली म्हणून धोका पुसला जात नाही. प्रत्येक फेरीचं मूल्यांकन नव्याने करा आणि त्यासाठी मार्च २०२५ ची ‘बीएमपी मेरीटाइम सिक्युरिटी’ ही जहाज-उद्योगाची मार्गदर्शिका वापरा. ब्रिजवर (जहाज चालवण्याच्या खोलीत) २०१८ ची पाचवी आवृत्ती पडून असेल तर ती बाजूला ठेवा.

मूल्यांकनात चार आकडे हवेतच:

- फ्रीबोर्ड. पाण्यापासून सर्वांत खालच्या, चढता येईल अशा जागेची उंची. ८ मीटरच्या वर असेल तर चढणं कठीण. माल भरल्यानंतरचा आकडा घ्या, कारण बॅलास्टवरचा (माल नसताना, नुसत्या भाराच्या पाण्यावरचा) आकडा मनाला बरा वाटतो आणि फसवतो.
- वेग. १८ नॉट किंवा त्याहून जास्त वेगाने जाणाऱ्या जहाजावर चढणं फार अवघड. बल्क कॅरियरला तो वेग मिळत नाही, म्हणून उरलेले उपाय त्याच्यासाठी दुप्पट गरजेचे.
- हवामान. वारा १८ नॉटच्या आणि लाट २ मीटरच्या वर असेल तर स्किफला, म्हणजे चाच्यांच्या लहान वेगवान होडीला, काम करणं जड जातं. म्हणून नैर्ऋत्य मोसमी पावसात धोका उतरतो आणि पाऊस ओसरला की वाढतो. सप्टेंबरनंतरची फेरी जूनच्या फेरीच्या कागदांवर चालवू नका.
- माणसं. जादा पहारा लावल्यावर विश्रांतीचे तास बसतात का, ते मांडून बघा.

तपासा: हे मूल्यांकन कॅप्टनने वाचून त्यावर शेरा मारला आहे का? नुसती सही असेल तर ते मागच्या फेरीचं असण्याची शक्यता दाट.

## टप्पा २: घर सोडण्यापूर्वी

सीबीडी बेलापूरच्या ऑफिसात सही करताना तीन प्रश्न विचारा. जहाज कोणत्या पट्ट्यातून जाणार? त्या पट्ट्यासाठी करारात जादा भत्ता आणि वाढीव भरपाई आहे का? जायला नकार दिला तर परतीचा खर्च कोणाचा? उत्तरं लेखी घ्या. विचारलं की वाईट दिसतं, असं नवख्यांना वाटतं. अजिबात नाही. भरती करणाऱ्याला हे प्रश्न रोजचे असतात.

मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शनची २०१८ ची दुरुस्ती २६ डिसेंबर २०२० पासून लागू आहे. तिच्यानुसार खलाशी चाच्यांच्या ताब्यात असेपर्यंत त्याचा करार आणि पगार चालू राहतो, कराराची मुदत संपली तरीही. ही गोष्ट घरच्यांना माहीत हवी, कारण वेळ आलीच तर विचारपूस त्यांनाच करावी लागते.

घरी एका कागदावर जहाजाचं नाव, आयएमओ क्रमांक, कंपनीचा चोवीस तासांचा फोन आणि एकाच माणसाचं नाव लिहून ठेवा: बातम्या आल्या तर कंपनीशी बोलणारा तो. खारघरच्या घरात एक जण, साताऱ्याच्या काकांकडे दुसरा आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर तिसरा, असं झालं की जहाजाचा मार्ग आणि माणसांची नावं सगळीकडे फिरतात. वाटाघाटी चालू असताना ते घातक ठरतं.

## टप्पा ३: बंदरात असतानाच

बंदरात वायरचं सामान जहाजावर चढवा, वायर लावू नका. लावलेली रेझर वायर क्रेनवाल्यांच्या, स्टिव्हडोरच्या (माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांच्या) आणि पायलट लॅडरच्या आड येते. मात्र मोजणी, खरेदी आणि वेल्डिंगचं नियोजन इथेच व्हायला हवं.

वायरचा हिशेब. १८० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद जहाज धरू. दोन्ही बाजू आणि मागचा भाग मिळून ३९० मीटर. दुहेरी रांग म्हणजे ७८० मीटर. वेटोळी १० मीटरच्या तुकड्यांत घ्या, म्हणजे उचलायला आणि हलवायला सोपी जातात. ७८ तुकडे, वर दहा टक्के राखीव, असे ८६. वेटोळ्याचा व्यास ७३० किंवा ९८० मिलिमीटर आणि तार उच्च ताणाची. बागेच्या कुंपणाची साधी काटेरी तार स्वस्त पडते, पण दोन फटक्यांत कटरने तुटते.

दहा मीटरचं वेटोळं पंधरा मीटर ताणून पैसे वाचवण्याचा मोह सगळ्यांना होतो. ताणलं की फटी पडतात आणि फटीतून शिडीचा हूक सरळ आत येतो.

ब्रॅकेट आणि पत्रे. वायर जहाजाच्या कठड्याबाहेर झुकलेली हवी, त्यासाठी ब्रॅकेट लागतात. मापं आधी पाठवली तर तळोजा किंवा रबाळे एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडून ती तयार करून जहाजावर आणता येतात. धक्क्यावर वेल्डिंग करायचं तर बंदराची हॉट वर्कची परवानगी लागते. टँकरवर डेकवरच्या वेल्डिंगचा विचारच सोडा आणि बोल्टने आवळायचे क्लॅम्प मागवा.

एसएसएएस. जहाजाच्या सुरक्षा इशारा यंत्रणेची चाचणी बंदरातच करा. ऑफिसला आणि ध्वजराष्ट्राला (जहाजाची नोंदणी ज्या देशात आहे त्याला) आधी कळवा, बटण दाबा, आणि संदेश पोचल्याची उलट पोच घ्या. दिवा लागला म्हणजे संदेश गेला, असं नाही. पोच पाठवणारा माणूस बदललेला असतो, ईमेल जुना असतो, आणि ते याच वेळी कळतं.

नोंदणी. एमएससीआयओकडे (हिंदी महासागरातलं युरोपीय नौदलाचं सागरी सुरक्षा केंद्र) फेरीची नोंदणी निघण्यापूर्वी करा. यूकेएमटीओच्या (व्यापारी जहाजांचे अहवाल घेणारं ब्रिटिश नौदलाचं केंद्र) ऐच्छिक नोंद क्षेत्रात शिरताना पहिला अहवाल, मग रोज एक, बाहेर पडताना शेवटचा. गुरुग्रामचं भारतीय नौदलाचं माहिती केंद्र आयएफसी-आयओआर आणि क्वालालंपूरचं आयएमबीचं चाचेगिरी नोंद केंद्र यांचे क्रमांकही ब्रिजवर मोठ्या अक्षरांत लावा.

सशस्त्र रक्षक असतील तर: ध्वजराष्ट्राची परवानगी, बंदराला शस्त्रांची पूर्वसूचना आणि बळाच्या वापराचे लेखी नियम, तिन्ही कागद कॅप्टनकडे हवेत. रक्षक आले म्हणून वायर कमी करू नका. जहाजाचा ताबा शेवटपर्यंत कॅप्टनचाच राहतो.

## टप्पा ४: पहिले दोन दिवस, मागून पुढे

पायलट उतरला की काम सुरू. सुरुवात पूप डेकपासून करा. स्किफ बहुतेक वेळा मागून, क्वार्टरवरून (जहाजाच्या मागच्या कोपऱ्यावरून) येते आणि सर्वांत खालच्या जागी शिडी लावते. पुढून सुरू केलं की संध्याकाळी माणसं थकतात, मागचा भाग उद्यावर जातो, आणि उघडा राहतो तोच.

१. जाड चामड्याचे हातमोजे, चेहऱ्याचं कवच, लांब बाह्या. साध्या सुती हातमोज्यांनी वायर हाताळली की पहिल्याच तासात टाके घालावे लागतात.

२. वेटोळी लावून झाल्यावर त्यांच्या आतून जाड वायर रोप ओवा आणि ती जहाजाच्या पोलादाला बांधा. नुसत्या बाइंडिंग वायरने बांधलेली रांग गळ अडकवून ओढली की सगळीच पाण्यात जाते.

३. फायर होज कठड्याला घट्ट बांधा. नोझल बाहेर आणि खाली. दाब ८० पीएसआय, म्हणजे साधारण साडेपाच बार, किंवा त्याहून जास्त हवा.

तपासा: सगळे होज एकदम सुरू करून शेवटच्या नोझलवरचा दाब बघा. एकेक करून तपासले तर सगळेच उत्तम दिसतात, आणि बारा एकत्र उघडले की शेवटच्यातून धार निघते नळाची. दाब पडला तर होज कमी करा आणि मागचे ठेवा. हल्ला चालू असताना होजपाशी माणूस उभा करायचा नाही. पंप ब्रिजवरून सुरू झाला पाहिजे.

४. बाहेरच्या शिड्या काढा किंवा उचला. अकोमोडेशनचे (राहण्याच्या भागाचे) दरवाजे सगळ्या क्लीट्स (दाराचे खटके) आवळून बंद ठेवा, ये-जा एकाच दरवाजाने. सुटकेच्या वाटा आतून उघडल्याच पाहिजेत. चाच्यांना अडवायला लावलेलं बाहेरचं कुलूप आगीत आपल्याच माणसांना कोंडतं.

५. ऑक्सिजन-ॲसिटिलीनची नळकांडी, ग्राइंडर, कुऱ्हाडी डेकवरून हलवून कुलपात ठेवा. सिटाडेलचा दरवाजा कापायला चाचे जहाजावरचंच सामान वापरतात. वायरच्या नादात बहुतेक जण हे विसरतात.

६. ब्रिजच्या काचांना स्फोटरोधक फिल्म, विंगच्या (ब्रिजच्या बाजूला बाहेर आलेल्या भागाच्या) मागे पोलादी पत्रे, हेल्मेट आणि जाकिटं हाताशी. त्यांचा रंग लष्करी नको.

डेकवर बॉयलर सूट घातलेली बुजगावणी उभी करण्याचा उपाय स्वस्त आहे आणि दुरून चालतोही. मात्र रोज त्यांची जागा बदला.

## टप्पा ५: सिटाडेल

जानेवारी २०२४ मध्ये ‘लीला नॉरफोक’वर चाचे चढले तेव्हा २१ जण सिटाडेलमध्ये जाऊन बसले. त्यांत १५ भारतीय होते. आयएनएस चेन्नईवरच्या कमांडोंनी जहाज तपासलं आणि सगळे सुखरूप बाहेर आले. ‘रुएन’चे खलाशी चाच्यांच्या हाती लागले होते. तिथे १४ डिसेंबर २०२३ ला सुरू झालेलं प्रकरण १६ मार्च २०२४ पर्यंत चाललं. आयएनएस कोलकाताच्या कारवाईत ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुटले.

नौदलाने जहाजावर उतरायचं तर तीन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात: सगळेच्या सगळे खलाशी आत, बाहेरच्या जगाशी दुतर्फा खात्रीचा संपर्क, आणि इंजिन चाच्यांच्या हाती नाही. एक माणूस बाहेर राहिला तर सिटाडेलचा अर्धा उपयोग गेला.

जागा निवडताना स्टीअरिंग गिअर रूमचा विचार आधी करा. इंजिन रूमच्या आत जागा घेतली तर आग विझवायची सीओटू यंत्रणा आठवा. तिचा हँडल बाहेर असतो. तो चाच्यांच्या हाती लागला तर तुम्ही आत आणि गॅसही आत. सीओटू रूमला भक्कम कुलूप लावा किंवा जागा बदला. हवा येण्याची वाट डेकवरून सहज बुजवता येईल अशी नको.

सामान, २२ जण आणि ३ दिवस या हिशेबाने:

- पाणी: माणशी रोज ४ लिटर, म्हणजे २६४ लिटर. उकाड्यात यापेक्षा कमी धरू नका.
- न शिजवता खाता येईल असं: बिस्किटं, चिक्की, खजूर, टिनमधलं अन्न. चिवडा-फरसाणाची पाकिटं सगळे आणतात, पण त्याने तहान वाढते.
- झाकणाच्या बादल्या, जाड पिशव्या, ब्लीचिंग पावडर. हे नसलं की दुसऱ्या दिवशी दार उघडायचा विचार सुरू होतो.
- बीपी-मधुमेहाची औषधं, नावानिशी. माणूस पळताना केबिनमध्ये जाणार नाही.
- टॉर्च, कोरडे सेल, प्रथमोपचार, क्रू लिस्ट, फोन क्रमांकांचा कागद.
- सॅटेलाइट फोन, बाहेर लपवलेला अँटेना, स्वतंत्र बॅटरी.

तपासा: सिटाडेलचं दार बंद करून, जहाजाची वीज त्या भागापुरती तोडून, आतून फोन लावा. वीज चालू असताना लागलेला फोन ही चाचणी नव्हे. अँटेना मॉन्की आयलंडवर (ब्रिजच्या छतावर) उघडा असेल तर चाचे तो आधी तोडतील.

शेवटचं: सिटाडेल आणि सेफ मस्टर पॉइंट या दोन वेगळ्या जागा. गोळीबार होतोय पण कोणी चढलेलं नाही, तेव्हा सेफ मस्टर पॉइंट. चढणं टळत नाही असं दिसलं की सिटाडेल. ड्रिलमध्ये दोन्ही वेगवेगळे करा, एकदा रात्री आणि एकदा जेवणाच्या वेळी. कूक आणि मेसमन नेहमी शेवटी पोचतात. कारण शोधा आणि दूर करा.

## टप्पा ६: पहारा

दोन्ही विंगवर आणि मागे जादा माणूस, पाळी लहान. पहाटे आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात दुप्पट लक्ष. लाकडी किंवा फायबरची स्किफ रडारवर उशिरा दिसते, म्हणून दुर्बीण सोडून स्क्रीनला चिकटू नका. नेव्हिगेशनचे दिवे रात्री चालूच ठेवा. डेकचे दिवे बंद, पण एका बटणावर लागतील असे.

एडनच्या आखातात शिफारस केलेल्या मार्गिकेतून जा. दोन्ही दिशांच्या पट्ट्या ५-५ मैल रुंद आहेत आणि मध्ये २ मैलांचं अंतर. गटाने जाण्याची वेळ मिळाली असेल तर ती पाळा, पण वेग घटवून वाट बघत थांबू नका.

सावधान: प्रत्येक होडी चाच्यांची नसते. पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर करंजा, अलिबागपासून गुजरातपर्यंत समुद्र होड्यांनी भरलेला असतो. जाळं वाचवायला कोळी बांधव भर वेगाने तुमच्या पुढ्यात येतात. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळजवळ ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन टँकरवरून झालेल्या गोळीबारात दोन भारतीय मच्छीमार मारले गेले. होडीत जाळी-बोयी दिसतात की शिडी, माणसं किती, इंधनाचे पिंप किती, दोन आउटबोर्ड इंजिनं आहेत का, ती तुमच्या प्रत्येक वळणाला वळते का, हे बघा. संशय आला तरी पहिली पायरी दिशा बदलून बघणं ही.

## टप्पा ७: स्किफ येतेय

स्किफचा वेग २५ नॉट, तुमचा १४. तीन मैलांवर मागून दिसली तर जवळ यायला साधारण १६ मिनिटं लागतात. समोरून आली तर पाचही नाहीत. क्रम पाठ हवा:

१. इंजिन रूमला फोन, वेग कमाल.

२. अलार्म, आणि घोषणा कामाच्या भाषेत. सराव आणि खरा हल्ला यांची वाक्यं वेगळी ठेवा.

३. यूकेएमटीओला फोन. त्यानंतर लगेच एसएसएएस. हे बटण कंपनीला आणि ध्वजराष्ट्राला सांगतं, युद्धनौकेला थेट नाही. म्हणून फोनला पर्याय नाही. दोन्ही चढण्याआधी व्हायला हवं. चढल्यावर ब्रिज तुमचा राहत नाही.

४. व्हीएचएफ रेडिओच्या चॅनेल १६ वर मेडे (संकटाची हाक), आणि डीएससी (बटणावरचा संकट-संदेश).

५. फायर पंप सुरू.

६. ब्रिज आणि इंजिन रूमचे गरजेपुरते सोडून बाकी सगळे सेफ मस्टर पॉइंटला. हजेरी.

७. स्किफ जवळ आली की रडर थोडं थोडं डावी-उजवीकडे. मागे लाटा उसळतात आणि शिडी टेकत नाही. सुकाणू पूर्ण वळवू नका, वेग पडतो. किती अंशाने तुमच्या जहाजाचा वेग किती पडतो, ते आधीच मोकळ्या समुद्रात करून बघितलेलं असावं.

८. चढलेच तर इंजिन बंद, जहाज थांबवा, सगळे सिटाडेलमध्ये. दार लावण्यापूर्वी डोकी मोजा.

सिटाडेलपर्यंत पोचता आलं नाही तर प्रतिकार करू नका. हात उघडे, हालचाल सावकाश. नौदल आलं की जमिनीवर पालथे पडा, रिकामे हात दिसतील असे ठेवा, मोबाइलचा फ्लॅश मारू नका. ते कोणालाच आधी खलाशी धरत नाहीत.

## टप्पा ८: नंतर

व्हीडीआरची (जहाजाच्या प्रवासाच्या नोंदयंत्राची) नोंद ताबडतोब सेव्ह करा. जुन्या एसव्हीडीआरमध्ये (व्हीडीआरचा साधा प्रकार) १२ तासांनंतर ती पुसली जाते. डेक धुऊ नका. काडतुसं, शिडी, दोर, फोन यांना हात न लावता फोटो काढा. ‘रुएन’वर पकडलेले ३५ जण २३ मार्च २०२४ ला मुंबईत आणले गेले. २०२२ च्या सागरी चाचेगिरीविरोधी कायद्याखाली भारतात खटला चालवता येतो आणि असे पुरावे तिथे लागतात. प्रत्येकाने एकमेकांशी चर्चा करण्यापूर्वी आपापला जबाब लिहावा.

पट्टा ओलांडला की शेवटचा अहवाल पाठवा आणि वायर उतरवा. लावताना ज्या तुकड्यांना गंज दिसला ते बाजूला काढा. पायलट लॅडरच्या जागेची वायर बंदराच्या आदल्या दिवशीच निघालेली असावी, आणि आवळलेल्या सगळ्या क्लीट्स, सुटकेच्या वाटा, हलवलेली आग विझवण्याची साधनं परत जागेवर आल्याची खूण चीफ ऑफिसरने स्वतः फिरून करावी.